वर कुणी नसताना दबलेली स्प्रिंग

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "कुमुदताई, कामाचं लिहा. भुताखेतांचं आमच्याकडे ढिगानं येतं." मी म्हटलं, हौ, कामाचंच लिहिते. तेव्हा पुढे जे आहे ते सगळं कामाचंच आहे, स्प्रिंगांच्या कामाचं. वाचता वाचता कुणाला दुसरं काही वाटायला लागलं तर त्याला माझा इलाज नाही. मला स्वतःलाही वाटलं होतं.

आधी धंदा समजावते. मी नोकरीभर यंत्रांचे सुटे भाग संगणकावर काढले, आणि त्यातही जास्त करून स्प्रिंगा. सुरुवातीला बालानगरच्या एका डिझाइन ऑफिसात, मग तेच ऑफिस माधापूरला काचेच्या इमारतीत गेलं तिथे. आमच्या घराण्यात सगळे सरकारी नोकर, मास्तर नाहीतर वकील. आम्ही राहायचो त्या बरकतपुऱ्यात कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर वडील कानकोंडे व्हायचे. मुलगी दिवसभर बसून स्प्रिंगा काढते हे कुठल्या तोंडानं सांगणार? "कंप्यूटरमध्ये आहे," एवढंच सांगायचे. पुढे पुढे तेवढं सांगणं मानाचंही झालं, पण ते सगळ्या जगामुळे, माझ्यामुळे नाही.

स्प्रिंग काढायची म्हणजे चार आकडे द्यायचे. तार किती जाड, वेटोळं किती रुंद, वेटोळी किती, आणि दोन वेटोळ्यांमध्ये अंतर किती. संगणक एक छोटा गोल घेतो, तो वर चढत जाणाऱ्या वळणदार रेघेवरून फिरवत नेतो, की झाली स्प्रिंग. आकडा बदलला की स्प्रिंग बदलते, पुन्हा काढायला लागत नाही. इथवर कुणीही चार दिवसांत शिकतं. खरी मेख पुढे आहे. यंत्रात नट नटच राहतो, दांडा दांडाच राहतो, पण स्प्रिंगेला कायमचा आकार नसतो. कारखान्यात ती एका लांबीची, यंत्रात बसवली की दुसऱ्या, आणि यंत्र चालू झालं की क्षणाक्षणाला वेगळी. म्हणून तिला 'फ्लेक्सिबल' करायचं असतं. वरच्या आणि खालच्या पत्र्यामध्ये जेवढी जागा असेल तेवढीच तुझी लांबी, असं नातं बांधून द्यायचं. मग ती भरल्या घरात अंग चोरून बसणाऱ्या माणसासारखी वागते. जागा कमी झाली की दबते, वाढली की सैलावते.

पण संगणकातली स्प्रिंग फार गरीब स्वभावाची असते, आणि तिथेच माणूस फसतो. खरी स्प्रिंग दाबाल तितकी उलट ढकलते. वेटोळ्याला वेटोळं भिडलं की खेळ खलास, वर हत्ती बसला तरी ती आणखी दबत नाही. संगणकातली मात्र कशालाच नाही म्हणत नाही. दाबा, दबते. आणखी दाबा, तिची वेटोळी एकमेकांच्या आरपार जायला लागतात, आणि पडद्यावर सगळं छान दिसतं. आमच्या ऑफिसात एका पंपाची तरफ अशीच पडद्यावर झकास खाली जात होती. पंप तयार झाला तेव्हा खालची स्प्रिंग भिडून ती अर्ध्यातच अडली. गिऱ्हाइकानं आमच्या साहेबांचा, राघवरावगारूंचा, फोनवर असा उद्धार केला की पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. त्या दिवसापासून रावगारूंनी नियम घालून दिला. प्रत्येक स्प्रिंगेच्या मॉडेलात एक तपासणी लिहायची. वेटोळी भिडण्याइतकी लांबी कमी झाली की मॉडेलनं लाल व्हायचं आणि तसं लिहून दाखवायचं. मी माझ्या मॉडेलांत मराठी शब्द घालायची, 'भिडली'. ऑफिसातल्या तेलुगू मंडळींनाही तो पाठ झाला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. समजा तुम्ही मॉडेलमधून वरचा पत्रा पुसून टाकलात. आता स्प्रिंगेवर काहीच नाही. तिनं उसळून मोकळं व्हायला पाहिजे. पण ती होत नाही. तशीच दबून राहते, वर नुसती रिकामी हवा. सगळं मॉडेल नव्यानं बांधायची आज्ञा देईपर्यंत तिला पत्ताच नसतो की भार गेलेला आहे. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. रावगारू मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पापम्, दानिकि तेलियदु." बिचारीला ठाऊक नाही. मग त्यांनी पुढे वाकून आज्ञा दिली आणि स्प्रिंग टुणकन उंच झाली.

निवृत्त झाल्यावर मी घरीच एक संगणक मांडला. ओळखीतले लोक मोडकेतोडके भाग घेऊन यायचे. मी मोजून मॉडेल काढायची आणि बालानगरला करवून घ्यायची. तिथे स्प्रिंगा वळवणारे आहेत, आकडे दिले की हव्या तशा देतात. अशात एके दिवशी शालिनीबाईंचा निरोप आला. शालिनीबाई म्हणजे माझ्या शाळेतल्या भूमितीच्या बाई. हिमायतनगरला राहायच्या. अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत. वर्गात पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी कुणाच्या कंपासचं टोक सरकलं ते ओळखायच्या. आता ऐंशीच्या घरात होत्या आणि गुडघ्यांनी दगा दिला होता.

"बसता येतं ग," त्या म्हणाल्या, "पण उठता येत नाही. उठायला यादम्मा लागते. चाळीस वर्षं मी मुलांना उभं केलं आणि आता मला उभं करायला माणूस लागतं."

यादम्मा म्हणजे त्यांच्याकडची कामवाली. मी बाईंना म्हटलं, उठवणारी खुर्ची करू. त्या खुर्चीची बैठक पुढच्या कडेला बिजागरीनं जोडलेली असते आणि मागच्या कडेखाली दोन दणकट स्प्रिंगा असतात. रिकामी असताना बैठक मागून वर उचललेली राहते. माणूस टेकला की त्याच्या वजनानं हळूहळू सपाट होते, आणि तो उठायला लागला की स्प्रिंगा त्याला मागून हात देतात. यात सगळा खेळ वजनाचा आहे. स्प्रिंगा कडक झाल्या तर बैठक खालीच जात नाही, माणूस घसरून पुढे येतो. मऊ झाल्या तर दणकन बसतो आणि उठताना काही मदत नाही. म्हणून अशी खुर्ची एकाच माणसाची असते. दुसऱ्याला ती धड बसू देत नाही.

"म्हणजे बाई, तुमचं वजन सांगायला लागेल," मी म्हटलं.

"कुमुद, तू मला वजन विचारतेस?" बाई म्हणाल्या. "तुझे भूमितीचे पेपर काढू का मी?" मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "चौसष्ट धर."

"अडुसष्ट," वर्तमानपत्राच्या मागून वकीलसाहेब म्हणाले. वकीलसाहेब म्हणजे बाईंचे यजमान. आयुष्यभर कोर्टात गेलेला माणूस, उगाच बोलायचा नाही.

"तुम्ही गप्प बसा जी," बाई म्हणाल्या.

मी अडुसष्ट धरले. मॉडेल असं बांधलं होतं की वजन लिहिलं की बैठक किती खाली येईल ते दिसायचं, आणि उलट, बैठकीखालचं अंतर लिहिलं की वर किती वजन बसलंय ते निघायचं. खुर्ची सुरेख झाली. बाई टेकायच्या, अर्ध्यावर एकदा थांबायच्या, कारण डावा गुडघा जास्त दुखायचा, मग हातावरचा भार बदलून उरलेल्या खाली जायच्या. उठतानाही तसंच. आधी सावकाश, शेवटी पटकन, आणि बैठक वर लागली की अडणीला लावलेल्या लोकरीच्या गादीचा हलकासा 'टप्'. त्या खुर्चीचा मला फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो, ते लपवत नाही.

दीड-दोन वर्षांनी बाईंना पोटाचं दुखणं लागलं. त्यांचा फोन आला, "कुमुद, तुझी खुर्ची मला बसू देईना." मी जाऊन पाहिलं तर खुर्चीला काही झालं नव्हतं. बाईच हलक्या झाल्या होत्या. बैठक त्यांच्या वजनानं खालीच जात नव्हती, त्या तिच्यावर नुसत्या टेकून राहिल्या होत्या. मी घरी येऊन मॉडेल उघडलं, अडुसष्टच्या जागी एकोणसाठ लिहिलं, मऊ स्प्रिंगा काढल्या, बसवून दिल्या. काही महिन्यांनी पुन्हा तेच, आणि मग पुन्हा. पार्टाचे आकडे बदलणं हे माझं रोजचं काम, पण तो आकडा बदलताना बोटं जड व्हायची. एकेका माणसाला असं कमी करत जायचं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. शेवटचा आकडा अडतीस होता. त्या स्प्रिंगा बसवल्या तेव्हा बाईंनी मला जवळ बोलावून, "छान झाल्या हं," म्हटलं. त्यावर पंधरवड्यात त्या गेल्या.

पुढचं सगळं त्यानंतर सात-आठ महिन्यांनी घडलं. बाईंचा मुलगा मंदार पुण्याला असतो, मोठ्या कंपनीत. तो माझ्याकडे बरकतपुऱ्याला आला आणि चहाला हात न लावता म्हणाला, "ताई, बाबांना न्यायला आलोय आणि ते येत नाहीत. म्हणतात, शालिनी घरात आहे. दुपारी तिच्या खुर्चीवर येऊन बसते. रोज तिचं पान वाढतात. चौऱ्याऐंशीचा माणूस एकटा. परवा गॅस चालू ठेवून झोपले होते. मी रोज पुण्यात बसून फोन वाजायची वाट बघतो."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"खुर्चीची बैठक आपोआप खाली जाते म्हणतात. स्प्रिंगा गेल्या असतील, दुसरं काय असणार? तू एकदा येऊन तसं सांग. त्यांनीच अट घातलीय."

अट अशी होती. वकीलसाहेबांनी मुलाला सांगितलं होतं की तुझं म्हणणं एक, माझं एक, तेव्हा गवाही घेऊ. खुर्ची कुमुदची आहे. ती म्हणाली स्प्रिंगा नादुरुस्त आहेत, तर मी बॅग भरून पुण्याला येतो, खुर्ची द्या कुणाला. ती म्हणाली चांगल्या आहेत, तर तू परत पुण्याचं नाव काढायचं नाही. बापलेकांनी हातावर हात मारला होता. म्हणजे एका म्हाताऱ्या माणसानं कुठे मरेपर्यंत राहायचं, हे माझ्या दोन स्प्रिंगांवर येऊन पडलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मंदार आतल्या खोलीत त्याच्या मीटिंगमध्ये होता. बैठक वर उचललेली होती, जशी असायला हवी तशी. मी दोन्ही स्प्रिंगा बाहेर काढल्या. थकलेली स्प्रिंग ओळखणं सोपं असतं. मोकळी केली तरी ती पूर्वीएवढी उंच होत नाही. या दोन्ही अगदी मी काढल्या तेवढ्याच उंच होत्या. बिजागरी जरा कुरकुरत होती, तिला ग्रीस घातलं. सगळं परत बसवलं, हातानं दाबून सोडून पाहिलं. बैठक खाली जात होती आणि लगेच वर येत होती.

"झालं?" वकीलसाहेब म्हणाले. "आता सबर कर. तिची जेवायची वेळ होऊ दे."

त्यांनी खुर्चीशेजारच्या छोट्या टेबलावर पान वाढलं. पोळी, खट्टी दाल, वांग्याची भाजी, दहीभात. मीठ, लिंबू सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, नैवेद्य आहे का? ते म्हणाले, "नैवेद्य देवाला असतो. हे जेवण आहे. नंतर मीच खातो, टाकत नाही." यादम्मा झाडत होती. खुर्चीपाशी आल्यावर ती वळसा घालून गेली. मी म्हटलं, खालचं राहिलं की. ती केरसुणी न थांबवता म्हणाली, "अम्मागारु कूर्चुन्नारु." बाई बसल्यात. सांगताना तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, गवळी येऊन गेला हे सांगावं तसं सांगितलं तिनं.

मी खुर्चीकडे पाहिलं. बैठक वरच होती. मग मला वाटलं आपलीच मान हलली. पण मान हलली नव्हती, बैठकीची मागची कड खाली येत होती. हळूहळू अर्ध्यावर आली आणि थांबली. जेवढा वेळ बाईंना हात बदलायला लागायचा तेवढा वेळ गेला, आणि मग बैठक उरलेलं अंतर खाली गेली.

सांगते, मला भीती वाटली ती रिकाम्या खुर्चीची नाही. मी मागे जाऊन गुडघ्यांवर बसले आणि खाली वाकून पाहिलं, तर दोन्ही स्प्रिंगा दबलेल्या होत्या, अगदी सारख्या. वर कुणी नाही आणि स्प्रिंगा दबलेल्या. पडद्यावर मी हे पाहिलं होतं, तिथे एक आज्ञा दिली की काम भागतं. पोलादाची स्प्रिंग अशी राहूच शकत नाही. तिला कुणीतरी दाबूनच ठेवावं लागतं. मी बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर काढलं आणि स्प्रिंगांच्या वरच्या-खालच्या पत्र्यांमधलं अंतर मोजलं. डोक्याच्या वर वीतभर अंतरावर कुणीतरी जेवतंय आणि आपण त्यांच्या खुर्चीखाली शिरलोय, याची मला लाज वाटत होती. मी मागे सरकून भिंतीला टेकले. बऱ्याच वेळानं बैठक उठली. आधी सावकाश, शेवटी पटकन, आणि 'टप्'.

वकीलसाहेब म्हणाले, "बोल."

"अजून नाही सांगता येत," मी म्हटलं. "पुन्हा बघायला लागेल."

घरी येऊन मॉडेल उघडलं आणि मोजलेलं अंतर लिहिलं. वजन आलं अडतीस. मला जरा हायसं वाटलं, खोटं का सांगू. अडतीस हा मीच दिलेला आकडा, म्हणजे बैठक सपाट होण्याची ठरलेली जागा. बिजागरी तिथे येऊन अडकत असेल, हवेनं, कशानं तरी. तसं मनाला बजावून मी दोन घास जेवले.

पण वकीलसाहेब पक्के. ते रोज दुपारी बाईंची स्टीलची पट्टी घेऊन अंतर मोजायला लागले आणि मला फोन करून सांगायला लागले. त्यांना फक्त अंतर कळायचं, वजन काढायचं मॉडेल माझ्याकडे होतं. मी "बरं" म्हणून फोन ठेवायची आणि आकडा लिहायची. एकोणचाळीस आलं. मग चाळीस. चार दिवस तिथेच राहिलं, मग बेचाळीस. बिजागरी अडकत असती तर एका जागी अडकली असती. झिजली असती तर बैठक वरच राहिली असती. दिवसेंदिवस जास्त खाली जायला वरून जास्त भार लागतो. याला दुसरं उत्तर नाही, मी पुष्कळ शोधलं. सेहेचाळीस आलं त्या दिवशी मी संगणक बंद करून देवघरात जाऊन बसले. वकीलसाहेबांना मी यातलं काही बोलले नाही.

मधल्या काळात मंदार पुण्याला जाऊन आला. परत आल्या आल्या माझ्याकडे आला. "ताई, एक वाक्य बोल फक्त," तो म्हणाला. "स्प्रिंगा गेल्या. एवढंच. तुझ्या कामाला बट्टा लागेल म्हणून थांबली असशील तर माझ्यासाठी लाव. आईच्या वेळी मी नव्हतो. शेवटी आलो तेव्हा मला तिच्याकडे बघवलं नाही, मी तिला उचलून बसवलं तर हातात काही लागलंच नाही. बाबांच्या वेळी मला असं व्हायला नकोय."

त्याचं काय चुकत होतं? काहीच नाही. मीही मुलांची आई आहे. रात्रभर नाही पण बराच विचार केला आणि ठरवलं की म्हाताऱ्या माणसाला गॅसच्या आणि बाथरूमच्या भरवशावर सोडण्यापेक्षा एक खोटं वाक्य बरं. माझ्या चांगल्या स्प्रिंगांना मी वाईट म्हणणार होते. वाक्यही ठरवून ठेवलं होतं. शनिवारी मॉडेल लॅपटॉपवर घेऊन गेले. या वेळी मंदारला मी खुर्चीसमोरच बसवलं. आत जायचं नाही, तूही बघ, म्हटलं. त्यानं फोन उलटा करून ठेवला.

वकीलसाहेबांनी पान वाढलं. यादम्मा झाडून वळसा घालून गेली. मंदार माझ्याकडे बघून किंचित हसला. मग बैठक खाली यायला लागली आणि त्याचं हसू तसंच राहिलं. बैठक अर्ध्यावर थांबली. पुन्हा निघाली, सपाट झाली, आणि तिथे न थांबता आणखी खाली गेली. 'टक्' असा कोरडा आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. वेटोळ्याला वेटोळं भिडलं होतं.

मंदार उठला. त्यानं मागून बैठकीखाली हात घातला आणि वर उचलायला गेला. तो काही अशक्त माणूस नाही. बैठक हलली नाही. त्यानं हात काढून घेतला आणि पँटला पुसला, मग पुसल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो हात खिशात घालून उभा राहिला. मी खाली बसून अंतर मोजलं, लॅपटॉपमध्ये लिहिलं. मॉडेल लाल झालं आणि माझाच शब्द माझ्यासमोर आला, 'भिडली'.

"कुमुद," वकीलसाहेब म्हणाले, "तुझी गवाही राहिलीय."

ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. मी मंदारकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"स्प्रिंगा चांगल्या आहेत, वकीलसाहेब," मी म्हटलं.

"मग आवाज कसला आला?"

"भार जास्त झाला. या अडतीस किलोला काढल्या होत्या. पहिल्यांदा मी मोजलं तेव्हा वर अडतीसच होतं. तुम्ही फोन करत गेलात तसतसं वाढत गेलं. आज पन्नास तरी आहे. जास्तही असेल. भिडल्यावर पुढचं मोजता येत नाही."

वकीलसाहेब पानाकडे वळले. दहीभातावर कढीपत्त्याचं एक पान होतं, ते त्यांनी चिमटीनं बाजूला काढलं. बाईंना दातात आलेलं आवडायचं नाही, हे मलाही शाळेच्या डब्यापासून माहीत होतं.

"अंगी लागतंय तर," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला, कोर्टातला झाला. "पण हे असं चालणार नाही. रोज दणका बसतोय तिला. पाठीला लागेल. तू नव्या स्प्रिंगा काढ."

मी मॉडेलमधला वजनाचा रकाना उघडला. आतापर्यंत तो रकाना मी फक्त कमी करायला उघडला होता. "किती धरू?" मी विचारलं.

"पन्नास म्हणालीस ना, मग पन्नास धर," वकीलसाहेब म्हणाले.

मंदार अजून खुर्चीच्या मागे उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"नको ताई," तो म्हणाला, "साठ धर. अजून भरेल आई."